‘चौथी पातळी’ खरी मानायची का?

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेचं सॉफ्टवेअर ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’च्या चौथ्या पातळीला पोचलं आहे, असा अहवाल सल्लागारांनी दिला. संचालक मंडळ खूश आहे. पण खातेदाराचा मोबाइल नंबर बदलायचा तर आम्ही तो अजूनही तीन ठिकाणी बदलतो. मग ही पातळी कसली?
– आयटी विभागप्रमुख, सांगली

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’मध्ये प्रत्येक काम, उदाहरणार्थ ग्राहकाची माहिती देणं, एक स्वतंत्र ‘सर्व्हिस’ करते आणि बाकीच्या यंत्रणा तिलाच विचारतात. सल्लागारांनी बहुधा ‘ओसिम’ हे अशी रचना किती पक्व झाली ते मोजणारं मॉडेल वापरलं असावं. ‘द ओपन ग्रुप’ या तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ते २००९मध्ये आणलं आणि २०१२मध्ये ते आयएसओ मानकही झालं. त्यात पातळ्या सात आहेत, आणि मोजायच्या बाजूही सात : व्यवसाय, कारभार, कार्यपद्धती, ॲप्लिकेशन, आर्किटेक्चर, माहिती, पायाभूत यंत्रणा. प्रत्येक बाजूची पातळी वेगळी निघू शकते. म्हणून एकच आकडा हातात ठेवला असेल, तर पूर्ण तक्ता मागा आणि प्रत्येक बाजूसमोर पुरावा काय, तेही विचारा.

तुमच्याकडे आर्किटेक्चर चौथ्या पातळीवर असेलही. माहिती मात्र पहिल्या-दुसऱ्यातच अडकलेली दिसते. याची खात्री करायला एक नंबर धरा आणि काउंटरवर बदलल्यापासून त्याचा माग काढा. कर्जाची यंत्रणा तो सर्व्हिसकडून घेते, की कोअर बँकिंगच्या, म्हणजे बँकेच्या मुख्य खाते-यंत्रणेच्या, टेबलमधून थेट उचलते? की रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे एकगठ्ठा कामात, नंबरांची सीएसव्ही फाइल तिच्याकडे जाते? एका पतसंस्थेत मी पाहिलं : ‘ग्राहक माहिती’ सर्व्हिस उत्तम चालत होती, पण कर्ज विभागातले लिपिक संध्याकाळी कागदावरून तेच नंबर पुन्हा टाइप करत होते, कारण त्यांची यंत्रणा फक्त स्वतःचं टेबल वाचायची. कागदोपत्री सर्व्हिस होती, वापर नव्हता. यात नुकसान खातेदाराचं होतं. बंद झालेला नंबर कालांतराने दुसऱ्याला मिळतो, आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातो. मला यातलं हेच सर्वांत गंभीर वाटतं.

कारभाराची बाजूही तपासा. प्रत्येक सर्व्हिसला नावानिशी जबाबदार माणूस आहे का? तिला कोण कोण कॉल करतं, याची यादी आहे का? चाचणी सर्व्हरवर ती बंद करा. यादीबाहेरचं काही कोलमडलं, तर यादी अपुरी आहे.

सातव्या पातळीच्या, म्हणजे सर्व्हिसेसची आपोआप फेरजुळणी करणाऱ्या यंत्रणेच्या मागे तुमच्या बँकेने लागू नये. पुढच्या वर्षाचं बजेट मागताना मंडळापुढे एकच उद्दिष्ट ठेवा : नंबर एकदा बदलला की सगळीकडे बदलला पाहिजे.