आषाढातला वारा बघून इसार देऊ नका

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही जत तालुक्यातले आठ शेतकरी. सगळ्यांची मिळून माळावर वीस एकर पड जमीन आहे. ढालगावकडं पवनचक्क्या आहेत, मग आपल्यात का नको म्हणून विषय निघाला. आषाढात एक एजंट आला, हातातल्या मीटरवर सेकंदाला ९ मीटर वारा दाखवला. दुसरीकडनं काढलेली २२५ किलोवॅटची मशीन ३० मीटरच्या टॉवरसकट देतो म्हणतोय, वर्षाला १९ लाख ७१ हजार युनिट पडतील असं कागदावर लिहून दिलंय. इसार द्यावा का? आणि लाईट गेली तरी आमच्या मोटरी चालतील ना?

उत्तर : दादा, इसार आधी थांबवा, मग बोलू.

तो १९ लाख ७१ हजारचा आकडा कुठनं आला ते मी गुणाकार करून बघितलं. २२५ गुणिले २४ तास गुणिले ३६५ दिवस, बरोबर तेवढंच येतं. म्हणजे मशीन वर्षभर एक मिनिट न थांबता फुल्ल ताकदीनं चालली असं धरलंय, आणि असा वारा जगात कुठंच वाहत नाही. चांगल्या जागेवर २० टक्के धरा, म्हणजे ३ लाख ९४ हजारच्या आसपास, आणि जुन्या मशीनला तेवढं मिळालं तरी मी खूश होईन. पाचपट फुगवलेल्या आकड्यावर आठ घरांनी कर्ज काढायचं, हे मला बघवत नाही.

आता वाऱ्याचं. आषाढात आपला कुठलाही माळ वाऱ्याचाच वाटतो, डोक्यावरची टोपी राहत नाही. पण दिवाळीनंतर तिथंच जाऊन उभं राहा, बाभळीचं पान हलत नाही असे दिवस असतात. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनानं वाढते, म्हणजे ९ चा वारा साडेचारवर आला की ताकद निम्मी नाही, एक अष्टमांश होते. महाराष्ट्रात वर्षाच्या पवनविजेचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबरातच तयार होतो, म्हणून एका दुपारच्या मीटरवर काही ठरत नाही. माळावर मास्ट, म्हणजे वारा मोजायचा उंच खांब, उभा करून दोन उंचींवर मोजणी करा, पूर्ण बारा महिने, मधला एकही महिना न गाळता. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे आहेत ते जरूर बघा, फक्त १०० मीटर उंचीचा आकडा तुमच्या ३० मीटरला लावू नका, खाली वारा कमी असतो, साध्या हिशोबानं ताकद ४० टक्क्यांनी घटते.

लाईटचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. या जुन्या मशीनमध्ये बहुतेक करून इंडक्शन जनरेटर असतो, त्याला स्वतःला चालायलाच लाईनची वीज लागते. लाईन गेली की पवनचक्की पण थांबते. आणि आपल्याकडं फीडर नेमका पावसाळ्यात, वारं सुटल्यावरच ट्रिप होतो, म्हणजे कमाईच्या दिवसातच मशीन उभी. त्यामुळं जवळचं सबस्टेशन किती किलोमीटरवर, तिथं जोडायला जागा आहे का आणि मधली लाईन कुणाच्या खर्चानं ओढायची, हे महावितरणकडून लेखी घ्या. तोंडी 'होतंय की' वर जाऊ नका. मोटरी चालवणं हाच मेन हेतू असेल तर मला विचाराल तर सोलर पंपच बरा, पिकाला पाणी उन्हाळ्यातच जास्त लागतं आणि तेव्हा ऊन भरपूर असतं.

रस्त्याचं पण बघून ठेवा, क्रेन माळापर्यंत पोचली पाहिजे आणि काळ्या रानातनं पावसाळ्यात ती जात नाही.

एवढं करून मन मशीनवरच असेल तर एजंटकडं दोनच कागद मागा. एक, जुन्या जागेवरची मागच्या तीन वर्षांची महिन्यावार युनिट, वीज कंपनीच्या बिलासकट. दुसरा, गिअरबॉक्स आणि पाती कधी बदलली त्याचा रेकॉर्ड. हे कागद आले की मला पाठवा, आपण आकडे मिळून बघू. नाही आले तर त्याला पुन्हा घरी बोलवू नका.