सेमिनरीचा खर्च: आधी ठराव, मग शिष्यवृत्ती

प्रश्न: माझा मुलगा २४ वर्षांचा, बी.कॉम. झालाय, अंधेरीला एका सीएच्या ऑफिसात नोकरी करतो. पाळकीय सेवेत जायचं त्याच्या मनाने घेतलंय. पुण्याच्या सेमिनरीत चार वर्षांचं बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, पाळक होण्यासाठीची पदवी) करायचं म्हणतो. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, मराठी, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. यजमान बेस्टमधून निवृत्त, पेन्शन तुटपुंजी. मी शिवणकाम करते. शेजारच्या वसईकर कुटुंबातला मुलगा फादर व्हायला गेला, त्यांना म्हणे फी पडली नाही. तशी सवलत आम्हाला कुठे मिळेल? सरकारी शिष्यवृत्ती किंवा बँकेचं कर्ज मिळेल का? धाकटे दीर अमेरिकेत आहेत, ते पैसे पाठवायला तयार आहेत. घरात तीन लाखांची एफडी आहे, ती मोडावी का? (एक आई, कांदिवली)

ताई, नमस्कार.

आधी शेजाऱ्यांचं पाहू, कारण खरी अडचण त्या तुलनेतच आहे. कॅथलिक पद्धतीत बिशप किंवा एखादा धर्मसंघ मुलाला उमेदवार म्हणून स्वीकारतो आणि त्याच्या शिक्षणाचा मुख्य भार स्वतःकडे घेतो. घरचे ऐपतीप्रमाणे हातभार लावतात. गोरेगावच्या सेंट पायस टेन कॉलेजात मुंबई आर्चडायोसिसची, म्हणजे इथल्या कॅथलिक धर्मप्रांताची, मुलं शिकतात, ती अशीच. शिवाय ‘सेंट पीटर द अपोस्टल’ ही १८८९ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली पोपच्या अखत्यारीतली संस्था जगभरच्या सेमिनऱ्यांना पैसा पुरवते, पण तो सेमिनरीला जातो, मुलाच्या खात्यात येत नाही. म्हणजे शेजारच्या मुलाला कुणी सवलत दिलेली नाही. ज्यांनी त्याला सेवेसाठी घेतलं तेच खर्च करताहेत. तुमच्याकडेही हेच तत्त्व चालतं. फरक इतकाच, की तुमच्याकडे ते मागावं लागतं आणि कागदावर आणावं लागतं.

तुमच्या मुलाचा पहिला अर्ज म्हणूनच सेमिनरीकडे किंवा कुठल्या ट्रस्टकडे जाता कामा नये. तो पास्टोरेट कमिटीकडे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीकडे, जायला हवा. कमिटी शिफारस करते, मग डायोसिसची निवड समिती मुलाखत घेते आणि शेवटी बिशप मान्यता देतात. बऱ्याच डायोसिसमध्ये मुलाला आधी काही महिने एखाद्या पाळकांच्या हाताखाली काम करायला लावतात. सेमिनरीचं वर्ष जून-जुलैला सुरू होतं, तेव्हा कमिटीसमोर विषय आदल्या वर्षाच्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत यायला हवा. फेब्रुवारीत धावपळ करणाऱ्यांना प्रवेश मिळतो, पैसा मिळत नाही.

नेहमी होणारी एक गल्लत सांगून ठेवतो. प्रवेशाच्या फॉर्मसोबत पाळकांचं पत्र मागतात. पाळकसाहेब ते आनंदाने देतात आणि घरच्यांना वाटतं की मंडळीने मुलाला स्पॉन्सर केलं. ते फक्त शिफारसपत्र असतं: मुलगा चांगला आहे, बाप्तिस्मा व दृढीकरण झालेलं आहे, उपासनेला नियमित येतो. त्यात रुपयाचाही उल्लेख नसतो. स्पॉन्सरशिपचं पत्र वेगळं. ते डायोसिस किंवा कमिटी देते आणि त्यामागे ठराव असावा लागतो. सेमिनरीत ‘स्पॉन्सर्ड’ आणि ‘स्वतंत्र’ विद्यार्थ्यांची नोंद वेगळी होते आणि शिक्षण संपल्यावर नेमणूक कोण देणार हेही बहुतेक त्यावरूनच ठरतं.

तोंडी आश्वासनावर मात्र राहू नका. पहिल्या वर्षी सगळ्यांना उत्साह असतो. दुसऱ्या वर्षी पाळकांची बदली होते, कमिटीची निवडणूक होते आणि नवे खजिनदार म्हणतात, ‘आमच्याकडे असं काही नोंदलेलं नाही.’ यात कुणाची लबाडी नसते, नोंदच नसते. ठराव साधारण या भाषेत हवा: ‘अमुक यांच्या बी.डी. शिक्षणासाठी सलग चार शैक्षणिक वर्षे दरवर्षी रु. ६०,००० मंडळीच्या सर्वसाधारण निधीतून, जून व नोव्हेंबर अशा दोन हप्त्यांत, थेट सेमिनरीच्या खात्यात भरावेत.’ रक्कम, वर्षं, कुठल्या निधीतून आणि कुणाच्या खात्यात, हे चारही त्यात यायला हवं. ‘यथाशक्ती मदत करावी’ असा ठराव झाला तर तो नसल्यातच जमा. ‘हंगामाच्या सणाच्या अर्पणातून’ असं लिहिलं तर एखाद्या वर्षी सण फिका गेला की हप्ताही फिका. ठरावाचा क्रमांक आणि तारीख घातलेली, सचिवांच्या सहीची प्रत घरी ठेवा.

बदल्यात काय मागतात तेही त्याच बैठकीत विचारा. शिक्षणानंतर अमुक वर्षं डायोसिसमध्ये सेवा, नाहीतर खर्च परत, अशी अट असू शकते आणि ती रास्तच आहे. पण मुलगा पास झाला आणि डायोसिसनेच पाळक म्हणून दीक्षा दिली नाही, किंवा आजारपणाने शिक्षण अर्धवट राहिलं, तर परतफेड कुणी करायची? हे आत्ता विचारणं अवघड वाटेल. चार वर्षांनी ते जास्त अवघड असतं.

आता रकमेचा हिशेब. सेमिनरीकडून फी आणि मेस मिळून पहिल्या वर्षाचा आकडा लेखी मागवा. उदाहरणादाखल तो १,२०,००० धरू. घरोघरी याला चारने गुणतात आणि ४,८०,००० म्हणून मोकळे होतात. पण मेसचा खर्च दरवर्षी चढतो. वाढ ८ टक्के धरली तर दुसऱ्या वर्षी १,२९,६००, तिसऱ्या वर्षी सुमारे १,४०,००० आणि चौथ्या वर्षी १,५१,००० च्या आसपास. बेरीज ५,४०,००० च्या वर जाते. हे वरचे ६०,००० बहुतांशी शेवटच्या दोन वर्षांत कमी पडतात, नेमकं मंडळीचा उत्साह ओसरलेला असताना. शिवाय फीच्या पत्रकात नसलेले खर्च असतात: ग्रीक-हिब्रूची पुस्तकं, परीक्षेची व नोंदणीची फी, सुट्टीतल्या सेवाकार्याचा प्रवास, चष्मा, दात, फोन. महिन्याला २,००० वेगळे धरा.

मंडळीचा वाटा ठरला की उरलेल्यासाठी सेमिनरीची बर्सरी, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना संस्थेकडून मिळणारी मदत. ती बहुधा आपोआप मिळत नाही. प्रवेश झाल्यावर वेगळा अर्ज करावा लागतो. काही ठिकाणी ग्रंथालयात किंवा ऑफिसात काही तास काम देऊन फीमध्ये सूट देतात. तुमचा मुलगा हिशेबातला आहे, त्याने अर्जात तसं स्पष्ट लिहावं. हिशेबाला माणूस सगळ्यांनाच हवा असतो. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. कांदिवलीसाठी बोरिवली तहसील. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून करता येतो. हा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून फेब्रुवारीत काढलात तर जूनमध्ये तो निरुपयोगी. एप्रिलमध्ये काढा, मे-जूनमध्ये अख्खी मुंबई त्याच रांगेत असते. एक पथ्य पाळा: मंडळीकडून मिळणारी रक्कम बर्सरीच्या अर्जात लपवू नका. सेमिनरी आणि डायोसिस एकमेकांशी बोलतात.

सरकारी शिष्यवृत्तीवर फार आशा ठेवू नका. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, संस्था आणि अभ्यासक्रम यादीतून निवडावा लागतो. सेमिनरीचं नाव आणि बी.डी. त्या यादीत नसेल तर उत्पन्न कितीही कमी असो, फॉर्म पुढे सरकत नाही. दहा मिनिटं लॉगिन करून पाहा आणि नसेल तर विषय सोडा. तुम्ही जातीचा उल्लेख केलेला नाही, पण बरेच जण विचारतात म्हणून सांगतो: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, त्यामुळे ख्रिस्ती मुलाला त्या शिष्यवृत्त्या लागू होत नाहीत. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही.

बँकेचं कर्ज नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक तर बँक आधी अभ्यासक्रमाची मान्यता विचारते. धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सीनेटला १९१८ च्या कायद्याचा आधार आहे, त्यामुळे तिथल्या पदवीसाठी निदान बोलणी तरी होतात. निव्वळ आशिया थिऑलॉजिकल असोसिएशन या सेमिनऱ्यांना मान्यता देणाऱ्या खासगी संघटनेची मान्यता असेल तर शाखाधिकारी बहुधा फाइल बाजूला ठेवतात. पण कर्ज मिळालंच असं धरा. पाच लाख, १० टक्के, दहा वर्षं: हप्ता सुमारे ६,६००, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळं. डायोसिसमध्ये नव्या पाळकाला हातात किती पगार पडतो ते विचारा आणि त्यातून हा हप्ता वजा करून पाहा. मान्यतेचं म्हणाल तर सेमिनरी निवडतानाच डायोसिसला विचारा, दीक्षेसाठी सेरामपूरची पदवी लागते का. फुकट राहायला-जेवायला देणारं एक वर्षाचं बायबल स्कूल स्वस्त वाटतं, पण डायोसिसने ते धरलं नाही तर वर्ष गेलं.

दिरांचा पैसा काळजीपूर्वक घ्या. ते अजून भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर एफसीआरएची (परकीय देणग्यांवरच्या कायद्याची) अडचण नाही. त्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, तो परकीय पैसा ठरतो. त्यातून सूट नातेवाइकांना आहे, आणि या कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत भाऊ येतो, काका येत नाही! म्हणून पैसे मुलाच्या नव्हे, तुमच्या यजमानांच्या खात्यावर यावेत. वर्षाला दहा लाखांपर्यंत सरकारला कळवावंही लागत नाही. मंडळीच्या खात्यावर मात्र डॉलर मुळीच मागवू नका. एफसीआरए नोंदणी नसेल तर मंडळीला ते घेता येत नाहीत, आणि नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. इथल्या एखाद्या नातेवाइकाने ‘मुलाला देतो, पण 80जीची (करसवलतीची) पावती द्या’ म्हटलं तर नाही म्हणा. एका ठरावीक माणसासाठी दिलेला पैसा देणगी ठरत नाही, आणि ती पावती फाडणारा खजिनदार अडचणीत येतो.

यंदाची बैठक हुकली असेल तर मुलाने लगेच राजीनामा देऊ नये. नोकरी सांभाळून सेरामपूर सीनेटचं बी.सी.एस., म्हणजे बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज, बाहेरून करता येतं. वर्षभरात त्याचा वाचनाचा आवाका त्यालाही कळेल आणि कमिटीलाही, शिवाय पगारातून पहिल्या वर्षाचा घरचा वाटा साठेल.

आणि एफडी मोडू नका. वर मांडलेला ६०,००० चा खड्डा बहुतांशी तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतो, ती त्यासाठी राहू द्या. तेव्हाही मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या; व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, तेही वापरलेल्या रकमेवरच.