रियाल मूळचा अरबी नव्हे

'सौदी रियाल' लिहावे की 'सौदी रिआल', अशी विचारणा आहे. 'रियाल' लिहा, उच्चारात 'य' स्वच्छ ऐकू येतो. पण विचारणाऱ्याने जाता जाता 'शब्द मूळचा अरबी असल्यामुळे' असे जे म्हटले आहे, ते वर्षानुवर्षे कानावर पडते आणि साफ चुकीचे आहे.

शब्द स्पॅनिश आहे. मूळ रूप 'रेआल', ते लॅटिन 'रेगालिस'वरून, म्हणजे राजाचा, राजमान्य. त्याच्या मुळाशी 'रेक्स', म्हणजे राजा, आणि हा 'रेक्स' संस्कृत 'राजन्'चा भाऊबंद! रत्नागिरीचा माणूस मस्कतहून रियाल धाडतो, तेव्हा आपल्या 'राजा'चेच गोत्र घरी येते. 'खरा' या अर्थाचा इंग्रजी 'रिअल' मात्र यात ओढू नका. तो लॅटिन 'रेस', म्हणजे वस्तू, यावरून आलेला.

हा शब्द पूर्वेकडे आणला चांदीने. 1497 मध्ये स्पेनमधल्या मेदिना देल काम्पोच्या फर्मानाने रेआलचे वजन आणि कस ठरला. पुढे आठ रेआलचे, सुमारे 27 ग्रॅमचे नाणे जगभर चालले. 1545 मध्ये दक्षिण अमेरिकेत पोतोसीची चांदी सापडल्यावर तर त्याला खळ उरला नाही. चांदीच्या कांबीचे तुकडे तोडायचे, कातरून वजन जुळवायचे आणि वर हातोड्याने ठसा मारायचा. कडा वेडीवाकडी, ठसा बहुधा अर्धाच. सुरतेचे सराफ म्हणूनच ही नाणी नगावर न घेता तोलून घेत. पुढे ती टांकसाळीत वितळत, आणि एका नाण्याचे दोनाहून थोडे अधिक रुपये पडत.

याच नाण्याला पोर्तुगीज 'पताका' म्हणत. मकावचे चलन आजही त्या नावाचे आहे, आणि त्याचा आपल्या झेंड्याशी काही संबंध नाही. 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशाचे कर्ते यूल आणि बर्नेल त्याचे मूळ अरबी 'अबू ताका'त, म्हणजे 'खिडकीच्या बापा'त पाहतात. नाण्यावरची ढाल अरबांना म्हणे खिडकीसारखी दिसली! मला हे मुळीच मान्य नाही. प्रोव्हान्समधले 'पताक' नावाचे नाणे त्यांनी त्याच नोंदीत दिले आहे, आणि ते 15व्या शतकात, पोतोसीची चांदी निघण्याच्या कितीतरी आधी, चालत होते. तेव्हा ढालीची खिडकी कुठून येणार? परका शब्द कानावर आला आणि अरबांनी त्याला आपल्या भाषेतला अर्थ चिकटवला. त्या पुराव्यातून निघते ते एवढेच, आणि यूल-बर्नेलनी तो उलटा वाचला.