उठल्याउठल्याचा बार

‘निश्चयच टिकत नाही हो माझा,’ ही तक्रार घेऊन आलेले गृहस्थ इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. वय 46, तंबाखू-चुन्याची सवय 20 वर्षांची. तीनदा सोडून पाहिली, तिन्ही वेळा चौथा दिवस उजाडायच्या आत पुडी परत खिशात.

निश्चयाचा विषय बाजूला ठेवून आठवडाभराची नोंद मागितली: बार भरल्याची वेळ आणि त्याआधी काय चाललं होतं. दिवसाला 11 बार निघाले. त्यातले पाच तलफ नसतानाच! माग सुरळीत चाललेला, हात रिकामा, शेजाऱ्याने डबी पुढे केली. पुडी गाडीच्या डिकीत गेली, खिशात बडीशेप आली आणि हे पाचही बार आठवड्याभरात सुटले. बडीशेपही ते तळहातावर अंगठ्याने मळूनच तोंडात टाकत. मळू दे, हाताचीही सवय असतेच.

गाडी अडली ती उठल्याउठल्याच्या बारावर. ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही.’ हे काही निमित्त नव्हे. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, ते थांबलं की काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकतो. म्हणून आधी आठवडाभर रात्री ग्लासभर कोमट पाण्यात दोन चमचे इसबगोल, आणि न्याहारीनंतर रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं शौचाला बसणं. त्यानंतरच सोडायची तारीख.

उठल्यावर अर्ध्या तासात तंबाखू लागत असल्याने डॉक्टरांनी 4 मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम लिहून दिलं. दुसऱ्याच दिवशी तक्रार: उचक्या, मळमळ. साध्या च्युइंगमसारखं भराभर चावलं होतं, तेही चहाबरोबर. ते सावकाश चावायचं, जिभेला झणझणलं की गालात धरायचं, झणझण ओसरली की परत चावायचं. असं अर्धा तास. आधी 15 मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा नाही. चुन्यामुळे निकोटिन झटकन रक्तात उतरतं, च्युइंगमचं तसं नाही. पहिले तीन दिवस ‘यात काही दम नाही’ वाटतंच.

एकोणिसाव्या दिवशी लग्नात एक बार झाला. नोंद केली, पुडी विकत घेतली नाही. लग्नानंतरचा दिवस विसावा म्हणून मोजला, पुन्हा पहिला म्हणून नाही. तलफ अनावर झाली तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक त्यांनी मोबाइलमध्ये घालून ठेवलाय. गालाच्या आतला पांढरा चट्टा मात्र लगेच दंतवैद्यांना दाखवायला सांगितलं. त्यासाठी सवय सुटायची वाट पाहायची नसते.