सर्व्हर रूम १८ वर ठेवायची की २७ वर? आणि ह्युमिडिटी किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन रॅकची छोटी सर्व्हर रूम, दोन स्प्लिट एसी, दोन्ही १८ वर. आत पाऊल टाकलं की कुडकुडायला होतं, तरी एका रॅकमधल्या सगळ्यात वरच्या सर्व्हरला इनलेट टेंपरेचरची (आत शिरणाऱ्या हवेच्या तापमानाची) वॉर्निंग येते. भिंतीवरचं मीटर ह्युमिडिटी कधी ४५ तर कधी ७० टक्के दाखवतं. साहेब म्हणतात १८ च ठेवा, एसीवाला म्हणतो २७ चालतं, आणि कुणीतरी सांगितलंय की ह्युमिडिटी बरोब्बर ५० हवी.

उत्तर आधी देतो, कारणं मागून. सर्व्हरच्या पुढच्या जाळीत शिरणारी हवा, रॅकमधल्या सगळ्यात गरम जागीसुद्धा, २४ अंशांच्या आसपास राहील असं बघा. २७ ला अलार्म लावा. ह्युमिडिटीत नुसत्या टक्क्यांवर न जाता दवबिंदू धरा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन साचू लागतं ते तापमान. तो ५ ते १५ अंशांच्या मध्ये आणि टक्के ६० च्या आत असले की निश्चिंत राहा. आणि सेटपॉइंटला, म्हणजे एसीवर लावलेल्या तापमानाला, आजच हात लावू नका. १८ वर ठेवूनही वॉर्निंग येतेय, म्हणजे खोलीत थंड हवा भरपूर आहे, पण ती त्या सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये. आधी ते शोधायचं.

हे १८ आणि २७ दोन्ही आकडे एकाच ठिकाणून आलेत. ॲशरे या एसी-व्हेंटिलेशन इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेची डेटा सेंटरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००४ साली पहिल्यांदा आली तेव्हा शिफारस २० ते २५ अंशांची होती. २००८ मध्ये ती १८ ते २७ केली आणि आजही तीच आहे. म्हणजे तुमचे साहेब खालचं टोक सांगताहेत आणि एसीवाला वरचं. दोघंही चुकीचे नाहीत, फक्त दोघांनीही एक गोष्ट सोडून दिली: हे आकडे खोलीचे नाहीत. ते सर्व्हर जी हवा ओढून घेतो, तिचे आहेत. एसीच्या रिमोटवर दिसतो तो सेटपॉइंट. एसीचा स्वतःचा सेन्सर बसवलेला असतो तो बहुधा भिंतीवरच्या युनिटमध्ये, हवा आत ओढतो त्या जागी. त्याला छताखालची हवा कळते. रॅकच्या वरच्या सर्व्हरला काय मिळतंय ते त्याला कळायचा मार्गच नाही.

माझ्याकडे एक खोली अशीच होती. रिमोटवर १९, वरच्या सर्व्हरचं इनलेट ३३. तिसरा एसी मागवायचं जवळपास ठरलं होतं. त्याआधी मी टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडली आणि रॅकच्या पुढून, जिथे सर्व्हर बसवलेले नव्हते त्या रिकाम्या फटींसमोर धरली. पट्टी माझ्याकडे वळली. हवा पुढून मागे जायला हवी, तर इथे मागची गरम हवा त्या फटींतून पुढे येत होती आणि वरचा सर्व्हर तीच पुन्हा पीत होता. त्या दिवशी हाताशी जे होतं ते वापरलं: पुठ्ठा कापला, रिकाम्या जागांवर टेपने चिकटवला. अर्ध्या तासात ३३ चे २५ झाले. एसीला कुणी हातही लावला नव्हता. पुठ्ठा पेट घेतो, तो कायमचा ठेवू नका. नंतर तिथे रीतसर ब्लँकिंग पॅनेल लावली. तिसरा एसी आलाच नाही.

तुम्हीही हेच करा. रिकाम्या प्रत्येक यू ला (रॅकमधल्या एका खणाला) ब्लँकिंग पॅनेल, केबलसाठी ठेवलेल्या भोकांना ब्रश, रॅकच्या बाजूच्या आणि वरच्या मोकळ्या जागा बंद. रॅक एकामागे एक शाळेतल्या बाकांसारखे लावले असतील तर ते फिरवा, कारण पुढच्या रॅकचा गरम श्वास थेट मागच्याच्या तोंडावर येतो. तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ. एसीचा झोत तोंडाच्या बाजूला पडला पाहिजे आणि परतीची हवा पाठीकडून गेली पाहिजे. एसी थेट रॅकच्या डोक्यावर असेल तर जागा बदलून घ्या. ड्रेन पाइप तुंबला की पाणी कुठे पडेल ते वेगळं सांगायला नको.

मोजायचं कुठे? प्रत्येक रॅकच्या पुढे तीन जागी: खाली, मध्ये, वर, जाळीपासून दोन-तीन बोटं अंतरावर. एवढे सेन्सर नसतील तर नव्या सर्व्हरमध्ये बीएमसीतून (सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या चिपमधून) इनलेट किंवा ॲम्बियंट नावाचं रीडिंग मिळतं, ते रोजच्या कामाला पुरतं. मात्र प्रोसेसरचं तापमान बघून खोलीचा अंदाज बांधू नका. फॅन त्याच्यासाठी वेग कमीजास्त करत असतात, म्हणून खोली बिघडली तरी ते बराच वेळ नीटच दिसतं.

आता २४ का, २७ का नको? मोठ्या डेटा सेंटरमध्ये २७ च्या जवळ चालवणं शहाणपणाचं आहे, त्यांची हवा बंदिस्त आणि राखीव कूलिंग तयार असतं. छोट्या खोलीत दोन अडचणी येतात. पहिली फॅनची. बरेच सर्व्हर इनलेट २५-२७ च्या पुढे गेलं की फॅन वाढवतात, आणि फॅनची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग दीडपट तर वीज जवळजवळ साडेतीनपट. एसीत वाचवलेली वीज तिथे जाते. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, वेळेची. तुमची खोली चार बाय तीन मीटर आणि उंची तीन मीटर धरली तर आत हवा भरते साधारण ४३ किलो. सर्व्हर ६ किलोवॅट खात असतील तर एसी बंद पडल्यावर ही हवा, नुसत्या हिशेबाने, दर सात-आठ सेकंदांना एक अंश तापते. भिंती आणि लोखंड बरीच उष्णता पितात म्हणून प्रत्यक्षात इतकं भराभर होत नाही, पण तुमच्या हातात मिनिटंच असतात, तास नाहीत. २४ वरून सुरुवात केली तर २७ वरच्यापेक्षा चार श्वास जास्त मिळतात. म्हणून वीज जाऊन आल्यावर एसी आपोआप सुरू होतो का, हे आजच एसीचा मेन स्विच बंद-चालू करून बघा. यूपीएसवर सर्व्हर चालू आणि एसी मात्र रिमोटची वाट बघत बसलेला, यात मी खोल्या भाजलेल्या पाहिल्यात.

आणि १८ का नको? सर्व्हरचा त्यात काही फायदा नाही. २००७ साली गूगलने एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तापमानाचा आणि डिस्क मरण्याचा संबंध सगळे समजत होते तितका घट्ट निघाला नाही. उलट फार थंड डिस्कही जास्त गेल्या. वीज वाया जाते ती वेगळीच. पण तुमच्या बाबतीत १८ चा खरा त्रास ह्युमिडिटीत आहे, आणि इथे थोडं सावकाश सांगतो, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

मीटर दाखवतं ती सापेक्ष आर्द्रता. हवेत पाणी किती आहे हे ती सांगत नाही; त्या तापमानाला हवा जितकं पाणी धरू शकते त्याच्या किती टक्के आहे, ते सांगते. तापमान बदललं की पाणी तेवढंच राहूनही टक्के बदलतात. १८ अंशांना ६५ टक्के असलेली हवा तशीच उचलून २४ अंशांवर नेली तर मीटर ४५ दाखवेल. पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नाही. तीच हवा सर्व्हरच्या आत तापून ३५ ला बाहेर पडते तेव्हा २५ टक्क्यांच्याही खाली गेलेली असते. मग खरी ह्युमिडिटी कोणती? या सगळ्यात एकच आकडा जागचा हलत नाही, तो म्हणजे दवबिंदू, इथे तो साधारण ११ अंश आहे. म्हणून तो धरायचा. बरीच मीटरं तो दाखवतात, नाहीतर तापमान आणि टक्के दिले की फोनवर काढता येतो.

तुमचे ७० टक्के बहुतेक असेच आहेत: खोली थंड केल्यामुळे वर चढलेले. त्यात घरगुती स्प्लिट एसीचा आणखी एक गुण आहे. कॉम्प्रेसर चालू असताना कॉइलवर पाणी जमतं. सेटपॉइंट गाठून कॉम्प्रेसर थांबला की फॅन चालूच राहतो आणि ते पाणी वाळून परत खोलीत येतं. म्हणून तासाभरातच आकडा वरखाली नाचतो. तुमचे ४५ आणि ७० किती वेळाच्या अंतराने दिसतात ते लिहून ठेवा. तासाभराच्या आत असतील तर कारण हेच. दिवसांच्या अंतराने असतील तर बाहेरची हवा आत शिरतेय. सर्व्हर उष्णता देतात, पाणी देत नाहीत. पाणी येतं ते दाराखालच्या फटीतून, उघड्या फॉल्स सीलिंगमधून, केबल आणलेल्या भिंतीच्या भोकातून. ती बुजवा. याने जेवढा फरक पडतो तेवढा डीह्युमिडिफायरनेही पडत नाही.

‘बरोब्बर ५०’ हा जुन्या काळचा नियम आहे, आणि तो पाळण्याच्या नादात खूप वीज जाते. दोन मोठ्या युनिटपैकी एक वाफ सोडतंय आणि शेजारचं तीच वाफ काढून घेतंय, हे मी स्वतः उभं राहून पाहिलंय. एकाचा सेन्सर आठ टक्क्यांनी चुकीचा होता, बस. सेन्सर तपासायला सोपी युक्ती आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओलं चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, झाकण आणि मीटर हवाबंद बरणीत सात-आठ तास ठेवा. खोलीच्या तापमानाला आतली ह्युमिडिटी ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर ८२ दाखवत असेल तर त्याची चूक कळली. मीठ मीटरला लागू देऊ नका.

कोरड्या हवेची भीती स्टॅटिकची, म्हणजे अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेची. ती खरी आहे, पण पूर्वी मानत होते तेवढी मोठी नाही. म्हणूनच ॲशरेने २०१५ मध्ये खालची हद्द उणे ९ अंश दवबिंदूपर्यंत नेली, म्हणजे २४ अंशांना जेमतेम १० टक्के. हाताला रिस्ट स्ट्रॅप (ती वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा) बांधून काम केलं की बराचसा धोका टळतो. ओल्या हवेकडे मात्र जास्त लक्ष द्या. धूळ ओलावा धरते आणि बोर्डावरच्या बारीक वाटांमध्ये गंज सुरू होतो. मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरमधल्या डिस्कांवर २०१६ साली जो अभ्यास आला, त्यात डिस्क बिघडण्याशी तापमानापेक्षा ह्युमिडिटीचा संबंध जास्त निघाला. म्हणून वरची हद्द दोन्हींनी बांधा: ६० टक्के किंवा १५ अंश दवबिंदू, जे आधी येईल ते. २२ अंशांवर ६० टक्के आधी येतील. २७ वर मात्र ४८ टक्क्यांनाच दवबिंदू १५ होतो, हे विसरू नका. आसपास गटाराचा किंवा रसायनांचा वास येत असेल, तर गंधकाचे वायू तांबं आणि चांदी खातात. तिथे ५० च्या वर जाऊ नका.

दवबिंदूचा आणखी एक उपयोग. थंड गाडीतून आलेला नवा सर्व्हर लगेच खोक्यातून काढू नका. २४ अंश, ५० टक्के अशा खोलीचा दवबिंदू १३ अंश असतो. सर्व्हरचं लोखंड त्याहून थंड असेल तर त्यावर, आणि आतल्या बोर्डावरही, दव धरतं. पॅकिंगसकट रात्रभर खोलीत राहू द्या, मग उघडा.

एसीच्या क्षमतेचा हिशेब एकदा करून घ्या. यूपीएसवर जेवढे किलोवॅट दिसतात तेवढीच जवळजवळ सगळी उष्णता होते. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, पण घरगुती एसीची साधारण ३० टक्के ताकद पाणी काढण्यात जाते. ६ किलोवॅटला म्हणून पावणेदोन टन पुरणार नाही, अडीच टन लागेल, आणि तेही एकेका एसीचं. एक बंद पडला तर दुसऱ्याने एकट्याने ओढायला हवं. दोघंही पूर्ण जोरात चालून जेमतेम पुरत असतील, तर तुमच्याकडे राखीव काहीच नाही.

यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच खोलीत असतील तर २४ च्या बाजूने आणखी एक कारण. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने लिहिलेलं असतं, आणि त्याच्या वर साधारण दर आठ-दहा अंशांना ते निम्मं होतं. बॅटऱ्या हॉट आइलमध्ये, म्हणजे रॅकच्या पाठीकडच्या गरम बाजूला, ठेवल्या असतील तर आधी तिथून हलवा.

क्रम असा ठेवा: फटी बुजवा, ब्लँकिंग लावा, दोन दिवस तिन्ही उंचीवर मोजा. मग सेटपॉइंट दर दोन दिवसांनी एकेक अंश वाढवत न्या, सगळ्यात गरम जागेचं रीडिंग २४ ला आलं की थांबा. ३२ ला दुसरा अलार्म, त्याने माणसाला झोपेतून उठवलं पाहिजे, आणि ३५ ला कमी महत्त्वाचे सर्व्हर आपोआप बंद होतील अशी स्क्रिप्ट. पहिल्या दोन दिवसांची रीडिंगं आणि रॅकच्या पुढच्या बाजूचा फोटो इथे टाका, वरच्या सर्व्हरला गरम हवा कुठून मिळतेय ते बघून सांगतो.