सर्व्हेची सरासरी ४७.२८६३ मिनिटं आली, रिपोर्टमध्ये किती दशांश लिहू?

तुम्ही २०० लोकल प्रवाशांना ऑफिसला पोचायला किती वेळ लागतो ते विचारलंत, सरासरी ४७.२८६३, स्टँडर्ड डेव्हिएशन (उत्तरं सरासरीभोवती किती पसरलीत ते) १८.४, आणि गाईड म्हणतायत सगळीकडे दोन दशांश टाका. मला हा सरसकट नियम अजिबात पटत नाही.

आधी स्टँडर्ड एरर काढा, म्हणजे दुसरे २०० प्रवासी निवडले असते तर सरासरी साधारण किती इकडेतिकडे झाली असती ते. १८.४ भागिले २०० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण १.३ मिनिटं. अहो, इथे ४७ मधला ७ च डळमळीत आहे, मग पुढच्या २८६३ ला काय अर्थ उरला? मजकुरात मी सरळ लिहीन "सुमारे ४७ मिनिटं, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ४५ ते ५०", म्हणजे सगळ्या प्रवाशांची खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी असा अंदाज आहे तो पट्टा. टेबलमध्ये ४७.३ आणि शेजारी १.३, कारण उद्या कोणी ते आकडे उचलून पुढचा हिशेब केला तर तो एक जास्तीचा अंक कामाला येतो. आणि अजून एक दशांश खरोखर कमवायचा असेल ना, तर एरर दहापट कमी करावी लागेल, म्हणजे सॅम्पल शंभरपट, २० हजार प्रवासी, बसा विचारत!

तरी हा एरर फक्त सॅम्पलिंगचा. लोक "पाऊण तास", "सव्वा तास" असंच सांगतात, ४३ मिनिटं कोण म्हणतंय, ती गडबड यात धरलेलीच नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पावसाचंच बघा, सांताक्रूझला ९४४.२ मिमी आणि कुलाब्याला ७३.४, दोन्ही मोजमापं बरोबर, पण सरासरी काढून "मुंबईत ५०८.८ मिमी पाऊस" म्हटलं तर त्या शेवटच्या .८ वर कोण विश्वास ठेवेल?

टक्केवारीचं पण तेच. २०० पैकी १२३ म्हणजे ६१.५०% लिहू नका, एक माणूस इकडचा तिकडे झाला की अर्धा टक्का हलतो, ६२% लिहा आणि कंसात १२३/२०० द्या. सॉफ्टवेअरने पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.००० दाखवली तर ती शून्य नसते, "०.००१ पेक्षा कमी" असं लिहायचं.

फक्त राउंडिंग एकदम शेवटी करा हं, मधल्या गणितात सगळे अंक राहू द्या, नाहीतर ४७.४ आणि ४६.६ दोन्ही ४७ होतील आणि दोन ग्रुपमधला फरक शून्य येईल. गाईड अगदीच अडून बसले तर त्यांच्यासाठी दोन दशांशांचं टेबल परिशिष्टात टाका.