घरी केलेले मातीचे कप आणि कुंडी भट्टीत भाजून घ्यायला किती खर्च येतो?

तुम्ही लिहिलंय की आठ कप आणि एक कुंडी घरी केली, टेराकोटाची माती ऑनलाइन मागवली होती, आणि ज्या स्टुडिओत चौकशी केलीत तिथल्या माणसाने दर सांगायच्या आधीच बजावलं, "आत हवेचे बुडबुडे असतील तर भट्टीत फुटतं, आम्ही घेणार नाही." दर मी सांगते. पण ते बुडबुड्यांचं वाक्य वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून रात्री साडेअकराला हे टाइप करत बसले आहे.

आधी पैसे. पुण्यात मी गेल्या दिवाळीच्या आधी बाहेर दिलं तेव्हा कच्च्या भांड्याच्या पहिल्या भाजणीला, म्हणजे बिस्कला, किलोला १५० रुपये पडले होते आणि ग्लेझच्या, म्हणजे वरच्या चकचकीत लेपाच्या, भाजणीला ३००. (भाजणी म्हटलं की आमच्या घरात सगळे चकलीचीच समजतात, ते सोडा.) चहाचा मध्यम कप वाळल्यावर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे आठ कपांचे पावणेतीन किलो. बिस्कला सव्वाचारशे, ग्लेझला साडेआठशेच्या आत, ग्लेझ त्यांचं वापरलंत तर त्याचे वेगळे. कुंडीचं वजन करा आणि मिळवा. काही ठिकाणी वजनावर नाही, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची असा घनफळावर दर लावतात. तिथे मोठी पसरट ताटली महाग पडते आणि बुटके जाड कप स्वस्त. कुठे नगावर दर, कुठे अख्खी भट्टीच भाड्याने घ्यावी लागते. विचारल्याशिवाय कळत नाही.

ग्लेझला दुप्पट का, असं सगळे विचारतात. बिस्कमध्ये कपावर कप ठेवता येतो, काठाला काठ लावून उलटे रचता येतात, चिकटत नाहीत. ग्लेझ म्हणजे काचच, ती वितळते. दोन कपांत बोटभर अंतर सोडावंच लागतं, नाहीतर निघताना जुळे निघतात. म्हणजे त्याच भट्टीत निम्मा माल. त्यात बिस्क ९५० ते १००० अंशांना थांबते आणि स्टोनवेअरचं (म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या मातीचं) ग्लेझ १२०० च्या वर जातं. वरच्या त्या दोनशे अंशांत वीजही खूप जाते आणि भट्टी तापवणाऱ्या तारांचं आयुष्यही. माझी स्वतःची तीन किलोवॅटची लहान भट्टी आहे, घरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर चालते, आत जेमतेम बारा कप मावतात. एका बिस्कला मीटरवर वीसेक युनिट पडतात, माझ्या स्लॅबला अडीचशे-तीनशे रुपये. म्हणजे वीज एवढीशी आणि दर एवढा, ही लूट आहे असं म्हणू नका. शेल्फ तडकतात, तारा जळतात, शिवाय कोणीतरी रात्री उठून आकडा बघत असतं.

आता माझी गोष्ट.

२०१६ मध्ये मी क्लास संपवून घरीच करायला लागले होते. भट्टी नव्हती, म्हणून चौदा मग आणि एक फुलदाणी घेऊन शहरातल्याच एका स्टुडिओत गेले. नाव सांगणार नाही. जुलै होता. चौथ्या दिवशी फोन आला, "काकू, तुमची फुलदाणी ब्लास्ट झाली. आजूबाजूचे दुसऱ्यांचे पाच पीस गेले. त्याचे बावीसशे द्यावे लागतील." मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि तो मुलगा तिशी ओलांडलेला, तर काकू कशाची? पण तेही गिळलं. तिथे गेले. त्याने एक खापरी हातात दिली आणि चार विद्यार्थ्यांसमोर म्हणाला, "हवा राहिली होती आत. मळताना नीट प्रेशर द्यायला पाहिजे, काकू."

मळताना! मला! ज्या बाईने वीस वर्षं गणपतीत एकशे एक मोदकांची उकड एकहाती मळली, जिच्या मोदकाची पाकळी कधी फाटली नाही, तिला हा शिकवणार मळणं. मी पैसे दिले. बावीसशे रोख मोजले, पावतीही मागितली नाही, आणि चौदा मग पिशवीत घालून रिक्षात बसले. पूर्ण रस्ता एकच डोक्यात: माती मी मळली होती, हवा नव्हतीच.

नंतर शांतपणे विचार केला तर हवा असती तरी काय बिघडलं असतं? शाळेतलं विज्ञान आठवा. खोलीतली हवा १६० अंशांपर्यंत तापवली तर ती दीडपटही फुगत नाही. पाण्याची वाफ झाली तर ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. आता सांगा, भांडं कोण फोडेल? शिवाय वाळलेली माती म्हणजे काही प्लास्टिकची पिशवी नाही. तिला छिद्रंच छिद्रं असतात, हवा निवांत बाहेर पडते. वाफ एका क्षणात तयार होते, तिला वाट पुरत नाही आणि ती भिंत घेऊनच जाते.

हे मी मुंढव्याच्या कुंभारवाड्यात एका आजोबांना विचारलं. ते पणत्यांचा ढीग उन्हात उलटवत होते. हात न थांबवता म्हणाले, "ताई, ओल ऱ्हायली तर फुटंल. हवा काय करतीया?" आणि मग खुळखुळा दाखवला. मातीची बंद पोकळ गोळी, आत मातीचेच खडे, कुठेही भोक नाही. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीत भाजलेली, अख्खी. आत हवा होतीच की! हडप्पाकाळातले मातीचे असेच पोकळ खुळखुळे संग्रहालयांत ठेवलेले आहेत. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराला जे जमत होतं ते डिजिटल कंट्रोलरवाल्या भट्टीत फुटतं म्हणे.

तरी माझं समाधान होईना. भट्टी घेतली तेव्हा पहिलं काम हेच तपासायचं केलं. तीन गोळे. पहिला, दोन वाट्या जोडून केलेला संत्र्याएवढा बंद पोकळ गोळा, सहा आठवडे फ्रिजवर वाळवलेला. दुसरा भरीव, पण मुद्दाम माती दुमडून-दुमडून आत हवा कोंडलेला, तोही सहा आठवडे. तिसरा भरीव, उकडीसारखा मळलेला, हवेचा कण नाही, पण तीनच दिवस वाळलेला. तिसरा मी एका जुन्या माठाखाली झाकून ठेवला, नाहीतर तारांचं वाटोळं. आकडा १६० च्या आसपास गेला आणि फट् असा आवाज आला, मग पुन्हा दोनदा. नवरा स्वयंपाकघरातून ओरडला, "कुकर बंद कर!" दुसऱ्या दिवशी उघडलं तर माठाखाली नुसता चुरा. बाकीचे दोघे बसलेले, लालबुंद, एक चीर नाही. पोकळ गोळ्यात मी ज्वारीएवढे खडे घातले होते, तो अजून वाजतो.

तेव्हा तुमच्या स्टुडिओवाल्याला सांगा, बुडबुडे राहू देत, ओल तपासा.

ती तुम्हीच तपासा. कप गालाला लावा. गार लागला तर आत पाणी आहे, परत ठेवा. बूड जाड असेल तर कडा कोरड्या लागतात आणि बूड आठवडाभर फसवतं, म्हणून बूडच गालाला लावायचं. उन्हात घाईने वाळवू नका, कान (कपाचा) आधी वाळून तडकतो. पहिले दोन-तीन दिवस वरून कागद झाकायचा, मग मोकळं.

भट्टीत काय होतं ते थोडक्यात. चांगला माणूस आधी रात्रभर ८०-९० अंशांवर ठेवतो, झाकण किंचित उघडं. हे फुकटचं नाही, पण विचारा की करता का. पुढे साधारण ४५० ते ६०० च्या मध्ये मातीच्या रेणूंतलं बांधलेलं पाणी जातं आणि माती कायमची बदलते, त्यानंतर ती पाण्यात विरघळत नाही. (म्हणूनच दरवर्षी कोणीतरी शाडूचा गणपती "भाजून मिळेल का" म्हणून आणतं, त्यांना मी हात जोडते. भाजलात तर विसर्जन कसलं करणार?) ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं आणि उतरताना तिथेच आकसतं, म्हणून तिथे हळू. वर पोचली की भट्टी बंद, आणि मग खरी परीक्षा माणसाची, उघडायची नाही. १०० च्या खाली येईपर्यंत नाही. एकूण दोन दिवस धरा. "उद्या संध्याकाळी देतो" म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

तुमच्या बाबतीत एक मोठी अडचण आहे, ती आधीच सांगायला हवी होती. माती टेराकोटाची आहे. ती हजारच्या आसपास भाजायची. स्टुडिओत बहुतेक जण स्टोनवेअर करतात, त्यांच्या १२०० च्या वरच्या ग्लेझ भाजणीत तुमचे कप घातले तर ते फुगतील, वाकतील, किंवा वितळून शेल्फला चिकटतील, आणि शेल्फचे पैसे तुमच्या गळ्यात. म्हणजे वरचा साडेआठशेचा आकडा तुम्हाला लागूच नाही. कमी तापमानाचं ग्लेझ मिळतं, पण चहा प्यायचा असेल तर त्यात शिसं नाही ना ते स्पष्ट विचारा. नुसते बिस्क केलेले कप झिरपतात, ते कुल्हडसारखे एकदा-दोनदा वापरायला ठीक. खाण्यापिण्याचं करायचं असेल तर पुढच्या वेळी स्टोनवेअरचीच माती घ्या. आणि माती किती अंशांना भाजायची आहे ते पाकिटावर वाचून चिठ्ठीवर लिहून द्या, स्टुडिओवाला त्यासाठी हटून बसला तर तो बरोबर आहे. शेतातली, ओढ्याकाठची माती असेल तर कोणी घेणार नाही, कारण आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडी असते. भट्टीतून भांडं छान निघतं आणि आठ-दहा दिवसांनी हवेतली ओल पिऊन तो चुना फुगतो, टिचकीएवढे टवके उडवतो.

कुंडीला तर मी स्टुडिओत नेणारच नाही. कुंभारवाड्यात जा, कोणाचा आवा लागणार आहे विचारा, त्यांच्या मालात तुमची कुंडी घालतील. माझ्याकडून मागे एकदा नगाला वीस रुपये घेतले होते, चहा वर पाजला. गोवऱ्या, भुसा, लाकूड, वर राख आणि खापऱ्या. एका बाजूला काळा डाग पडतो, तो मला आवडतो. फुटलं तर मात्र कोणी भरपाई देत नाही आणि मागायचीही नाही. निघाल्यावर बोटाच्या पेराने वाजवून बघा, गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटली तशी. खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर चीर आहे किंवा कच्ची आहे.

बुडबुड्यांबद्दल मी जरा जोरात बोलले, त्यात दोन गोष्टी राहिल्या. बंद पोकळ वस्तूची आतली बाजू फार सावकाश वाळते, म्हणून सुईने भोक पाडा. हवेसाठी नाही, ओलीसाठी. आणि चाकावर करणार असाल तर बुडबुडा हाताला लागतो, भिंत वेडीवाकडी होते, तेव्हा मळायला कंटाळू नका.

आणि ती फुलदाणी. तिची खापरी मी ठेवली आहे. बुडाकडचा तुकडा आहे, परवा पट्टीने मोजला, पावणेदोन सेंटिमीटर जाड. जुलैत, नऊ दिवस वाळवून दिली होती मी. म्हणजे बावीसशे त्याने मागितले ते फार चुकलं नाही. गालाला लावून बघायचं काम त्याचंही होतं, पण ओल माझीच होती. मळणं मात्र माझं चुकलं नव्हतं.

तुमच्या कुंडीचं बूड किती जाड आहे ते लिहा. बोटापेक्षा जाड असेल तर हा पाऊस जाऊ दे, दसऱ्यानंतर द्या.